आनामायचं लुगडं

“फादर, ही बाई नाही,” शिरसाट म्हणाले.

वेदीमागच्या खोलीत ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. हातात स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस होता, आणि पुढ्यात चटईवर आमच्या पाणवाडीच्या चर्चमधली संत अन्नाची मूर्ती उताणी ठेवलेली होती. अन्ना म्हणजे मारियामातेची आई, येशूची आजी. गावातल्या बायका तिला आनामाय म्हणत.

मी वाकून पाहिलं. हनुवटीवरचा गुलाबी तैलरंग निघाला होता आणि खालचं सागाचं लाकूड उघडं पडलं होतं. बाकीचा चेहरा कसा लोण्यासारखा कोरलेला, पण हनुवटीवर मात्र कोयत्याने फांदी तासावी तसे आडवेतिडवे घाव.

“इथे दाढी होती. कोणीतरी नंतर तासून काढली,” शिरसाट म्हणाले. त्यांनी कापूस खाली नेला. “आता इथे बघा.”

झग्याच्या चुण्या एका बाजूला उचललेल्या होत्या आणि उघड्या मांडीवर एक जखम कोरलेली होती. आनामायच्या पायाशी बाळ मारिया उभी असायची. ती पोर लाकडाची नव्हतीच, चुन्याची होती. शिरसाटांनी तिला कडेने हलकेच टोचलं तर पापुद्रा सुटला आणि आत कुत्र्याचे चार पंजे दिसले. वरचा कुत्रा करवतीने कापलेला होता. बैठकीवर पुसट रोमन अक्षरं होती. मला ती वाचायचीही गरज नव्हती. मांडीवर जखम आणि पायाशी कुत्रा असलेला संत एकच, संत रोक. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतःच प्लेगने पडलेला आणि एका कुत्र्याने भाकर आणून जगवलेला.

ही १९७० सालची गोष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो आणि वसईच्या त्या लहानशा गावात मला दीड वर्षच झालं होतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नुकतीच लॅटिनमधून मराठीत आली होती. मी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत उपासनाविधीचा आणि धार्मिक कलेचा खास अभ्यास केलेला, त्यामुळे जुनं झाडून काढायचं आणि मूळ स्वच्छ रूप दाखवायचं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चर्चमधले प्लास्टिकचे हार मी काढायला लावले होते, रंगीत बल्ब उतरवले होते. उरली होती ती आनामाय. दर चार-पाच वर्षांनी होडीला लावायच्या रंगाने रंगवलेली, गालांवर लाली चढवलेली, आणि अंगावर आमच्या बायका नेसतात तसलं लाल चौकटीचं लुगडं.

ते लुगडं नेसवण्याचा मान कतरीनबाय लोपीस यांचा होता. सत्तरीच्या विधवा, बोटं भाताच्या आवणीने, रोपं लावून लावून वाकडी झालेली. आधी हा मान त्यांच्या सासूचा होता. सव्वीस जुलैला सण. आवणी उरकलेली असे आणि गाव पावसात निवांत असे. सणाच्या आदल्या दिवशी दुपारी कतरीनबाय खोलीचं दार आतून लावून घेत आणि मूर्तीला नवं लुगडं नेसवत. सणाची मिस्सा संपली की वर्षभर मूर्तीच्या अंगावर असलेलं जुनं लुगडं त्या वेदीच्या उजव्या हाताला उभं राहून फाडत आणि पोटुशी बायांना एकेक तुकडा देत. बाळ जन्मलं की पहिल्यांदा त्यात गुंडाळायचं. पाणवाडीत जन्मलेलं एकही माणूस त्या लाल कापडाशिवाय जगात आलं नव्हतं, असं म्हणत.

जूनमध्ये मी मुंबईहून शिरसाटांना बोलावलं. जुन्या लाकडी मूर्तींचं काम करणारा मोठा जाणकार माणूस. मूर्ती त्यांच्या ताब्यात द्यायची म्हणून कतरीनबायांना तिचं लुगडं उतरवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी मला बाहेर थांबायला लावलं आणि बऱ्याच वेळाने मूर्ती चादरीत घट्ट गुंडाळून आणली. रंग काढू नका, असं त्यांनी मला त्या दिवशी दोनदा विनवलं. खाली काही मिळायचं नाही फादर, लाकूडच आहे, म्हणाल्या. लुगडं नेसवलं की दिसतंच काय, असंही म्हणाल्या. अडाणी बाई आहे, तिला कलेतलं काय कळणार, असं मनात म्हणून मी हसून वेळ मारून नेली.

आणि आता शिरसाट माझ्याकडे बघत होते.

“फादर, तुम्ही म्हणाल तर मी परत रंग चढवतो. चार दिवसांचं काम आहे. कुणाला कळणार नाही.”

शिरसाट आमच्या धर्माचे नव्हते. तरी गावाचा विचार त्यांच्या मनात आला आणि माझ्या मनात आला नाही. मी म्हणालो, हे खोटं इतकी वर्षं चाललं तेवढं पुरे. तुम्ही सगळा रंग काढा, मेण लावून लाकूड उजळा. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कापूस भिजवला. त्यानंतर काम संपेपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना सुरू झाली. रोज संध्याकाळी रिकाम्या कोनाड्यापुढे गाव गुडघे टेकत होतं. मूर्ती कधी येणार, असं लोक विचारत. बावतीस गुरुजी माझ्या चर्च समितीचे प्रमुख, शाळेतून निवृत्त व्हायला आलेले. त्यांना मी विश्वासात घेतलं. ते आधी गांगरले, मग त्यांनाही ती गोष्ट भारी वाटली. एवढी जुनी कलाकृती आपल्या गावात सापडली याचाच त्यांना अभिमान वाटायला लागला.

पंचवीस तारखेला दुपारी कतरीनबाय नवं लुगडं घेऊन आल्या. मी त्यांना सांगितलं की यंदा मूर्तीला कपडे घालायचे नाहीत. त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हणालो, उद्या कळेल. त्या दारातच उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड बघून मला वाटलं, मान गेला म्हणून म्हातारी दुखावली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मला प्रवचन लिहायचं होतं. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चर्च तुडुंब भरलं होतं. ओल्या छत्र्यांचा ढीग दाराशी पडला होता. शेजारच्या दोन गावांतूनही माणसं आली होती, मुंबईहून एका साप्ताहिकाचा फोटोग्राफर मीच बोलावला होता. कतरीनबाय नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर नवं लुगडं घडी घातलेलं आणि त्यावर जुनं. शुभवर्तमान वाचून झाल्यावर मी वेदीच्या पायरीवर आलो आणि मूर्तीवरचं पांढरं कापड ओढलं.

मूर्ती सुंदर होती, हे मी आजही सांगतो. जुन्या सागाला मधासारखा रंग चढला होता. दुखणाईत माणसाचा तो थकलेला, पण कुणाच्या तरी वाटेकडे बघणारा चेहरा. फक्त हनुवटीपाशी नजर अडखळत होती.  मग मी बोललो. मांडीवरची जखम दाखवली, कुत्र्याचे पंजे दाखवले. आपल्या गावाने एका पुरुष संताला आई म्हणून, लुगडं नेसवून, पिढ्यान् पिढ्या नवस केले, असं मी सांगितलं. अज्ञानाने का होईना, पण हे खोटं होतं, आणि देवाच्या घरात खोट्याला जागा नाही. मागच्या बाकांवर काही तरुण पोरं फिसकन हसली. मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला ते हसू आवडलं. माझी मात्रा लागू पडली असं वाटलं.

मिस्सा संपली. वेदीच्या उजव्या हाताला दरवर्षीप्रमाणे पोटुशी बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी पाच होत्या. कतरीनबाय जागेवरून उठल्या नाहीत. थोडा वेळ थांबून चौघी निघून गेल्या. पाचवी रेजिना फर्गोज. पंचवीस वर्षांची, सहावा महिना लागलेला. आधीची दोन मुलं जन्मल्यानंतर आठ-दहा दिवसांतच गेली होती.

मी बाहेर पायऱ्यांवर पाहुण्यांचे हात हातात घेत उभा होतो. तीन-चार पायऱ्या खाली रेजिनाने कतरीनबायांना अडवलेलं मला दिसलं. भोवती माणसं गोळा झाली होती.

“आजी, तू त्याला दरवर्षी नेसवायचीस. तुला ठाऊक होतं?”

कतरीनबायांना नाही म्हणता आलं असतं. दृष्टी कमी झालीय, काही कळलं नाही, असं काहीही सांगता आलं असतं आणि लोकांनी ते मानलंही असतं. त्या म्हणाल्या, “होतं.”

“माझी दोन्ही पोरं त्या कापडात गुंडाळून पुरली मी,” रेजिना म्हणाली. ती ओरडली नाही. तिने छत्री उघडली आणि निघून गेली. एका पाहुण्याने मला मूर्तीचं लाकूड कोणतं म्हणून विचारलं आणि मी सांगायला लागलो, सागाचं.

पुढच्या आठ दिवसांत कतरीनबायांच्या ओट्यावर लाल कापडाचे तुकडे जमा झाले. कोणी येऊन ठेवून गेलं, कोणी कुंपणावरून टाकलं. काही वीस-तीस वर्षं पेटीत जपलेले, विटून फिके पडलेले. लोकांना माझा राग आला नाही. मी तर खरं तेच सांगितलं होतं. राग आला तो ज्या बाईला ठाऊक होतं तिचा. ज्यांची मुलं गेली होती, ज्यांना मुलं झालीच नव्हती, त्या सगळ्यांना आता बोट दाखवायला एक माणूस मिळालं. दुकानात कतरीनबायांशी कोणी बोलेना. बावतीस गुरुजींनी समितीत ठराव आणला की वेदीची वस्त्रं आणि फुलं यांचं काम यापुढे कतरीनबायांकडे राहू नये. ठरावाखाली सही माझी आहे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. पदराचं पाणी पायरीवर पिळलं आणि आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. त्यांना पापांची कबुली द्यायची असेल असं समजून मी खुंटीवरची जांभळी पट्टी गळ्यात घालायला घेतली.

“ती राहू दे, फादर,” त्या म्हणाल्या. “कबुलीत सांगितलेलं तुम्हांला बाहेर बोलता येत नाही. हे तुम्ही बाहेर सांगावं म्हणून सांगतेय.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेलं, आणि सासूने ते स्वतः केलेलं.

सत्तरएक वर्षांपूर्वी, प्लेगच्या सालात, पाणवाडीत संत रोकच होता. प्लेगचाच संत. गावाने त्याच्यापुढे दिवसरात्र मेणबत्त्या लावल्या, त्याला खांद्यावर घेऊन वाडीवाडीतून फिरवलं. तरी साठच्या वर माणसं गेली. त्यांतली चाळीस मुलं. इथले पाद्रीही गेले. चर्च चार महिने बंद राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हा बाया आत आल्या आणि समोर तोच उभा, आपली जखम दाखवत. त्यांना त्याच्याकडे बघवेना. बाप्ये म्हणाले, त्याला खाडीत सोडून देऊ. बायांचं म्हणणं पडलं की देवाघरचं माणूस असं टाकता येत नाही. पण आपल्याला आता आई पाहिजे. म्हातारपणी जिच्या पोटी पोर आली आणि जगली, अशी आई. एके दिवशी भरदुपारी अकरा जणी चर्चमध्ये शिरल्या आणि कोयत्याने त्याची दाढी उतरवली. कुत्रा कापला. चुना मळून पोर केली. आपल्यातलंच एक लुगडं फाडून त्याला नेसवलं. ज्यांची मुलं मेली त्याच त्या अकरा जणी.

“नवीन पाद्री आले तेव्हा सासूने त्यांना दार लावून सगळं दाखवलं,” कतरीनबाय म्हणाल्या. “ मग त्यांनी पवित्र पाणी मागवलं आणि संत अन्ना म्हणून आशीर्वाद दिला. म्हणाले, बाहेर बोलू नका, पण विसरूही नका. म्हणून नेसवणारीने दुसऱ्या नेसवणारीला सांगायचं. कपडे आम्ही घालतो, फादर. आम्हांला माहीत नसेल का?”

मी हातातली जांभळी पट्टी पुन्हा खुंटीला लावली.

“मला आता दुसरी कोणी नाही. सून ऐकायला तयार नाही. रविवारी तुम्ही वेदीवरून सांगा. माझ्यासाठी नको. त्या अकरा जणी म्हणजे याच गावाच्या आज्या-पणज्या. बावतीस गुरुजींची आजी त्यात होती. रेजिनाची पणजी होती. तिची पाच गेली होती. हे एकट्या माझ्या घरातलं नाही, हे त्यांना कळू दे.”

आणि त्यांनी मला अकराही नावं सांगितली. डोळे मिटून, माळेचे मणी ओढावेत तशी एकामागून एक, प्रत्येकीच्या घराच्या खुणेसह. मी ती लिहून घेतली नाहीत. समोर टेबलावर कागद होता, पेन होतं.

मी काय म्हणालो ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणालो, “कतरीनबाय, याला काही लेखी पुरावा आहे का?”

 त्या नाही म्हणाल्या. मी म्हणालो, बघतो, विचार करतो. त्या उठल्या आणि पावसात गेल्या.

विचार मी केला. कतरीनबाय खरं बोलत होत्या याबद्दल मला त्याच क्षणी शंका राहिली नव्हती. पुरावा तर चर्चच्या दप्तरातच होता. मृत्यूंच्या वहीत त्या सालाची पानं मी दुसऱ्याच दिवशी उघडून पाहिली, मुलांची नावं मोजली आणि वही मिटली. पण ही गोष्ट वेदीवरून सांगायची म्हणजे आधीच्या पाद्रींनी जाणूनबुजून आशीर्वाद दिलेली मूर्ती मी भर सणाला उघडी केली, हेही सांगायला हवं. ज्याला मी अज्ञान म्हणालो ते अज्ञान नव्हतं, हे सांगायला हवं. त्याच आठवड्यात साप्ताहिकात माझ्या नावासकट मूर्तीचा फोटो छापून आला होता. मुंबईहून वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र आलं होतं. मी त्या रविवारी बोललो नाही. पुढच्या रविवारी बोलू म्हटलं, मग त्याही पुढच्या. नंतर ते विषय काढण्यासारखं राहिलं नाही.

सोळा ऑगस्टला मी संत रोकचा सण लावला. नवं स्तोत्र बसवलं, वेदी साध्या पांढऱ्या फुलांनी सजवली. अर्धं चर्च रिकामं होतं. डिसेंबरात माझी बदली मुंबईला झाली, धार्मिक कलेच्या मंडळावर. मूर्तीची देखभाल गावात होणार नाही असा अहवाल मीच दिला आणि ती एका संग्रहालयात गेली. तिथे काचेच्या पेटीत ती अजून आहे. खाली माहिती लिहिली आहे ती माझ्या हातची, आणि त्यात म्हटलं आहे की हनुवटीवरील तोडफोड अज्ञात व्यक्तींनी केली.

पाणवाडीच्या कोनाड्यात मग प्लास्टरची तयार संत अन्ना आणून बसवली. सव्वीस जुलैला मिस्सा होते, पण बाया जमत नाहीत. कतरीनबाय त्यानंतर दोन वर्षं जगल्या. शेवटच्या बाकावर बसत आणि मिस्सा संपायच्या आत उठून जात, असं मला नंतरच्या फादरांनी सांगितलं. त्यांच्या अंत्यविधीला मी गेलो नाही. कळलं होतं मला वेळेवर.

गेल्या वर्षी मी निवृत्त पाद्रींच्या घरातून गाडी करून पाणवाडीला गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचा झालो आहे, गुडघे गेले आहेत. त्या अकरा नावांतली आठ मला अजून येतात. ती तरी कुणाच्या तरी हवाली करावीत, एवढंच मनात होतं. बावतीस गुरुजी कधीच गेले. रेजिना आहे असं कळलं. भातशेती जाऊन तिथे बंगले झाले आहेत, त्यांतल्याच एकाच्या पडवीत ती खुर्ची टाकून बसली होती. तिसरं मूल तिचं जगलं, मुलगी. ती आता परदेशी असते.

मी सगळं सांगितलं. कोयता, चुन्याची पोर, आशीर्वाद देणारे पाद्री. सगळं. तिने मला मध्ये एकदाही अडवलं नाही. मी आठ नावं म्हटली.

“यात माझी पणजी नाही,” ती म्हणाली.

मी म्हणालो, राहिलेल्या तिघींत ती असणार. नाव मला आठवत नाही. तिलाही ते माहीत नव्हतं.

 मग ती म्हणाली, “मला नवीन नाही हे, फादर. कतरीनआजी तेव्हाच आली होती माझ्याकडे. ओट्यावर बसून तिने सगळं सांगितलं. मी तिला म्हटलं, तुझं मी का खरं मानू? फादर वेदीवरून सांगू देत, मग मी स्वतः येऊन तुझ्याकडून कापड मागून घेईन. ती म्हणाली, ते सांगतील, मी त्यांना सांगून आलेय.” रेजिनाने पदर सारखा केला. “तीन रविवार मी पोट सांभाळत पुढच्या बाकावर येऊन बसले.”

मला आठवलं. ती खरंच बसायची, अगदी माझ्यासमोर, नजर न हलवता. त्या दिवसांत मी बावतीस गुरुजींना म्हणालोही होतो, बघा, रेजिनासुद्धा आता पुढे येऊन बसते, माझ्या प्रवचनाचा परिणाम होतोय.